सी ड्राइव्हचा हिशेब जुळत नाही तेव्हा

मिरजेच्या एका शिक्षिकेनं विचारलंय: "घरच्या लॅपटॉपला 256 जीबीची एसएसडी आहे, रॅम 16 जीबी. सी ड्राइव्हची पट्टी लाल झालीय. 237 जीबीपैकी फक्त 9 जीबी मोकळे दिसतात. म्हणून सी ड्राइव्ह उघडून सगळे फोल्डर निवडले आणि प्रॉपर्टीज पाहिल्या, तर बेरीज 131 जीबीच आली. मधले 97 जीबी गेले कुठे? व्हायरस असेल का? फॉरमॅट मारावा लागेल का?"

ताई, फॉरमॅट मारायची अजिबात गरज नाही, आणि व्हायरसची शंकाही मनातून काढा. ड्राइव्ह भरून टाकला की घरातलं माणूस लगेच लॅपटॉप तपासायला बसतं. चोरून काम करणाऱ्या व्हायरसला सहसा ते नकोच असतं. तुम्ही लॅपटॉप सांगलीत विश्रामबागला माझ्याकडे आणून दाखवलात, म्हणून मोघम न बोलता आकड्यांनिशी उत्तर देता येतंय. तुमच्या परवानगीनं तेच आकडे इथं मांडतो, कारण लाल पट्टीनं घाबरलेली घरं सांगली-मिरजेत भरपूर आहेत आणि त्यातली बरीच जण विचारायच्या आधीच काहीतरी डिलीट करून बसतात.

आधी एक गोष्ट पक्की करू. तुमच्यासमोर दोन आकडे आहेत: पट्टी सांगते 228 जीबी वापरले, तुमची बेरीज सांगते 131. पट्टीचा आकडा खरा आहे. तो ड्राइव्हच्या स्वतःच्या नोंदीतून येतो: कुठला कप्पा भरलेला, कुठला रिकामा. बेरीज मात्र फाइल एक्सप्लोरर करतो आणि तो तुम्हाला जेवढं दिसतं तेवढंच मोजतो. लपवलेल्या सिस्टिम फाइल, दुसऱ्याच्या खात्यातले फोल्डर, ज्यात शिरायची तुम्हाला परवानगी नाही अशा जागा, हे सगळं तो गाळतो. आणि गाळलंय हे सांगतही नाही. इथंच घोडं पेंड खातं. माणूस 131 वर विश्वास ठेवतो आणि 97 शोधायला अंधारात निघतो.

रोजमेळ जुळला नाही तर मार्केट यार्डातला दिवाणजी वही फाडत नाही, नोंद कुठली राहिली ते बघतो. तसंच इथं करायचं. जागा कुणाच्या नावावर लागलीय ते कळेपर्यंत एकही फाइल उडवायची नाही. या कामात मी एवढा एकच नियम कडक पाळतो.

256 चे 237 कसे झाले हेही तुम्ही विचारलं होतं. तिथं काही हरवलेलं नाही. कंपनी 256 जीबी म्हणते तेव्हा 256 अब्ज बाइट देते. विंडोज मात्र 1024 च्या पटीत मोजतं, त्यामुळे तेच बाइट 238 आणि थोडे दिसतात. उरलेला सुमारे एक जीबी लॅपटॉप सुरू करायच्या आणि रिकव्हरीच्या छोट्या पार्टिशनमध्ये, म्हणजे ड्राइव्हच्या वेगळ्या पाडलेल्या भागांत, जातो. म्हणूनच 500 जीबीची डिस्क 465 दाखवते आणि एक टीबीची 931. मॅकवर 2009 पासून हजाराच्या पटीतच मोजतात, त्यामुळे 16 जीबीचा पेनड्राइव्ह तिथं 16 दिसतो आणि विंडोजवर 14.9.

तुमच्याकडे नसलेली, पण माझ्याकडे वरचेवर येणारी एक भानगड इथंच सांगतो. जुन्या 120 जीबीच्या एसएसडीच्या जागी 480 ची बसवून घेतली, सगळं जसंच्या तसं नव्यावर उतरवलं, लॅपटॉप घरी आला आणि सी ड्राइव्ह अजूनही 111 जीबीच. लोकांना वाटतं दुकानदारानं फसवलं. बहुतेक वेळा जागा तिथंच असते, फक्त कुठल्याच पार्टिशनला जोडलेली नसते. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. 'अनॲलोकेटेड' लिहिलेली काळ्या पट्टीची जागा दिसली तर तीच ती. सी ड्राइव्हवर उजवी क्लिक करून 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' केलं की जोडली जाते. पण सी आणि ती काळी पट्टी यांच्या मधोमध रिकव्हरीचं छोटं पार्टिशन बसलं असेल तर 'एक्स्टेंड' अंधुक राहतं, दाबताच येत नाही. तिथं स्वतः खटपट करू नका. ज्यानं एसएसडी बसवली त्याच्याकडूनच काम पुरं करून घ्या.

आता मोजमाप. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज, इथं ढोबळ चित्र मिळतं. पहिली नजर तिथं टाकायला हरकत नाही. पण 97 जीबीचा पत्ता लावायला ते पुरत नाही. मी विझट्री नावाचं जागा मोजायचं सॉफ्टवेअर वापरतो. घरगुती वापराला ते फुकट आहे, आणि ते फोल्डर एकेक करून उघडत बसत नाही, ड्राइव्हची मूळ फाइल-यादीच थेट वाचतं, त्यामुळे अख्खा सी ड्राइव्ह काही सेकंदांत समोर येतो. विनडरस्टॅट हेही चांगलं आणि मुक्त स्रोताचं आहे. दोन्ही त्यांच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्या. आणि कुठलंही घ्या, पण चालू करताना उजवी क्लिक करून 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करा. हे विसरलात तर विझट्रीला ती यादी थेट वाचता येत नाही, परवानगीचा अडसर तसाच राहतो आणि नवं साधन घेऊनही उत्तर जुनंच चुकीचं येतं. मोजूनही जागा सापडत नाही म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचं इथंच चुकलेलं असतं.

तुमच्या लॅपटॉपवर निघालेलं असं. मुलीच्या जुन्या खात्यात 44 जीबी. सिस्टिम रिस्टोअरच्या प्रती 19. रॅम कमी पडली की वापरायची पेजफाइल 12. झोपलेल्या लॅपटॉपची स्मृती ठेवणारी हायबरफिल 6. विंडोजनं अपडेटसाठी राखून ठेवलेली जागा 7. मुलीच्या खात्याच्या रिसायकल बिनमध्ये 5. विंडोजचे बंद फोल्डर 2 आणि ड्राइव्हच्या स्वतःच्या नोंदवहीला 1. बेरीज 96. उरलेल्या एका जीबीच्या मागे मी लागलो नाही. घरच्या कामाला एवढी अचूकता पुरते.

सगळ्यात मोठा आकडा मुलीच्या खात्याचा आहे. मुलगी नोकरीला पुण्याला गेली, लॅपटॉप तुमच्याकडे आला, तुम्ही आपलं नवं खातं काढलं आणि तिचं खातं मागे तसंच राहिलं. एक्सप्लोररमध्ये तिचा फोल्डर दिसतो, पण आत शिरायला परवानगी नाही म्हणून तो शून्यासारखाच धरला जातो. विझट्रीत उघडल्यावर 44 पैकी 36 जीबी एकाच ठिकाणी निघाले: तिच्या जुन्या आयफोनच्या बॅकअपमध्ये. आत गेल्यावर भलंमोठं अक्षर-आकड्यांचं नाव असलेला एक फोल्डर, त्याच्या पोटात दोन-दोन अक्षरी नावांचे शेकडो फोल्डर, शून्य-शून्यपासून एफ-एफपर्यंत, आणि त्यात नावगाव नसलेल्या हजारो फाइल. फोटो नाही, व्हिडिओ नाही, कशावर क्लिक केलं तर काही उघडत नाही. हे पाहून कुणालाही वाटेल की हा कचरा आहे किंवा खरंच व्हायरस आहे. तो फोनचा पूर्ण बॅकअप आहे. ॲपलचं आयट्यून्स हे सॉफ्टवेअर तो असाच तुकड्यांत साठवतं.

म्हणून तो लगेच उडवला नाही. तुम्ही मुलीला फोन लावलात, तो फोन तिनं कधीच बदललाय आणि सगळं नव्या फोनवर आलंय असं तिच्या तोंडून ऐकलं, मगच तिच्या खात्यात आयट्यून्सच्या प्रेफरन्सेसमध्ये 'डिव्हाइसेस'मधून बॅकअप काढला. फोल्डर हातानं डिलीट करण्यापेक्षा हा रस्ता बरा, कारण तिथं कुठल्या फोनचा आणि कुठल्या तारखेचा बॅकअप आहे ते दिसतं. दोन बॅकअप असतील तर चुकीचा जात नाही.

तुमच्या खात्यातून मुलीचा फोल्डर उघडायला गेलात की 'कंटिन्यू' विचारणारी एक चौकट येते. ती नुसती एका वेळेची परवानगी नसते. दाबलंत की त्या फोल्डरवर तुमच्या खात्याचा हक्क कायमचा नोंदला जातो. आपल्या घरात बिघडत नाही, पण भाडेकरूचा किंवा कामावरच्या माणसाचा फोल्डर असेल तर विचार करून दाबा. तिच्या खात्यात उरलेल्या 8 जीबीत कॉलेजचे फोटो आणि प्रोजेक्ट आहेत, ते मी ठेवले. खातं काढून टाकायचं असेल तर सेटिंग्जमधल्या अकाउंट्समधून काढता येतं, पण तिथं 'रिमूव्ह' म्हणजे खात्याबरोबर तिचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स सगळंच जातं. आधी ते बाहेर काढून घ्या.

बाहेर काढून घ्या म्हणजे कुठं, तेही बोलू. बाहेरच्या हार्ड डिस्कवर फोटो टाकून सी ड्राइव्हवरचे उडवले तर फोटो पुन्हा एकाच ठिकाणी राहिले. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरात कृष्णेचं पाणी गावभागात, मारुती चौकात घराघरांत शिरलं, तेव्हा कपाटाच्या खालच्या खणातल्या डिस्कही भिजल्या. लग्नाचे, बारशाचे, आई-वडिलांचे फोटो परत मिळत नाहीत. दोन डिस्कवर प्रत करा, एक आपल्याकडे वरच्या मजल्यावर आणि दुसरी गावाबाहेरच्या पाहुण्यांकडे. दोन्ही प्रती उघडून बघितल्यावरच मूळ काढा.

सिस्टिम रिस्टोअरच्या 19 जीबीचं तसं सोपं आहे. विंडोज अपडेटच्या किंवा मोठं सॉफ्टवेअर टाकण्याच्या आधीची स्थिती जपून ठेवतं, काही बिघडलं तर मागे जाता यावं म्हणून. हे 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' नावाच्या बंद फोल्डरात साठतं. सर्चमध्ये 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' टाइप करा, सी निवडून 'कॉन्फिगर' दाबा, 'मॅक्स युसेज'ची घसरपट्टी मागे ओढा. तुमचं 7 जीबीवर आणलं. पूर्ण बंद करू नका. अपडेट फसलं तर तीच सोय हाताशी असते.

पेजफाइलला हात लावायचा नाही. रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती जागा, कमी पडली की विंडोज तिथं सामान उतरवतं. ती बंद केली की एखाद्या दिवशी पंचवीस टॅब उघडे असताना सगळं एकदम बंद पडतं.

हायबरफिलवर लोकांचा फार डोळा असतो. झोपलेल्या लॅपटॉपची स्मृती साठवायची ही फाइल, रॅमच्या साधारण 40 टक्के. डेस्कटॉप असेल आणि हायबरनेट कधी वापरत नसाल तर ती काढायला हरकत नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करा: पी ओ डब्ल्यू ई आर सी एफ जी सलग, मग एक जागा, तिरकी रेघ आणि तिला लागून एच, पुन्हा जागा, ओ एफ एफ. ही तिरकी रेघ म्हणजे प्रश्नचिन्हाच्या बटणावरची, उलटी नव्हे. ओ एफ एफच्या जागी ओ एन लिहिलं की सोय परत चालू. लॅपटॉपवर मात्र मी ती ठेवायला सांगतो. लाइट गेलेली असताना बॅटरी संपत आली की उघडं काम त्याच फाइलमध्ये जपलं जातं, आणि तुमच्यासारखे निकालपत्रकं भरत बसणारे असतील तर 6 जीबीपेक्षा ते मोलाचं आहे.

विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे पुष्कळ घरांत लॅपटॉप विंडोज 11 वर गेले. अशा अपग्रेडनंतर 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचा फोल्डर राहतो, कित्येकदा 20 जीबीच्या वरचा. तो साधारण 10 दिवसांनी आपोआप जातो, तोपर्यंत जुन्या आवृत्तीवर परतायची वाट उघडी असते. लवकर काढायचा असेल तर डिस्क क्लीनअपमध्ये 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' दाबून 'प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन्स'वर खूण करा. त्याच यादीत 'विंडोज अपडेट क्लीनअप'ही असतं, तेही बेलाशक घ्या. यादीत 'डाउनलोड्स' दिसलं तर त्याची खूण काढा. काही आवृत्त्यांत ते त्या यादीत असायचं आणि लोकांचे दाखले, पावत्या त्यातून गेल्यात.

विंडोजच्या पोटात दोन फोल्डर असे आहेत की ते पाहून हात शिवशिवतात. एक विन-एस-एक्स-एस. एक्सप्लोरर तो प्रचंड मोठा दाखवतो, पण तो आकडा फुगलेला असतो, कारण त्यातल्या बऱ्याच फाइल म्हणजे इतरत्र असलेल्या फाइलचंच दुसरं नाव, आणि एक्सप्लोरर त्या दोनदा मोजतो. वर सांगितलेलं अपडेट क्लीनअप त्याची जेवढी सफाई व्हायला हवी तेवढी करतं. दुसरा 'इन्स्टॉलर'. त्यात तुमच्या प्रत्येक सॉफ्टवेअरच्या दुरुस्तीचं आणि काढून टाकण्याचं सामान असतं. तो रिकामा केलात तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. काही महिन्यांनी सॉफ्टवेअर अपडेट होईना, काढायला जावं तर निघेना, अशी आगीतून फुफाट्यात अवस्था होते.

जागा करून देतो म्हणणारी 'क्लीनर' सॉफ्टवेअर मी कुणाच्याच लॅपटॉपवर राहू देत नाही. हजारभर त्रुटी सापडल्या म्हणून लाल अक्षरांत ओरडायचं आणि रजिस्ट्री, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदी, साफ करायचे पैसे मागायचे, हा त्यांचा धंदा. अख्खी रजिस्ट्री घरच्या संगणकावर काहीशे एमबीची असते. ती कितीही पुसली तरी तुमचे जीबी तिथून येणार नाहीत.

तुमच्या दिसणाऱ्या 131 मध्येही थोडं लक्ष घाला. ॲपडेटा हा फोल्डर एरवी लपलेला असतो, पण तुमच्याच खात्यातला असल्यानं या बेरजेत येतो, आणि त्यात व्हॉट्सॲपचं डेस्कटॉप ॲप आपला साठा करतं. नातेवाइकांचे, शाळेचे, गणेश मंडळाचे ग्रुप आणि रोजच्या सुप्रभातच्या चित्रांसकट सगळं. ते आवरताना फोल्डरमधून नाही, ॲपमधूनच आवरा, आणि हवे असलेले व्हिडिओ फोनवर खरोखर आहेत का ते आधी बघा. वनड्राइव्ह, म्हणजे मायक्रोसॉफ्टची इंटरनेटवर फाइल ठेवायची सोय, वापरत असाल तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'साइज' आणि 'साइज ऑन डिस्क' असे दोन आकडे येतात, त्यातला दुसरा पाहायचा. पहिला 50 जीबी आणि दुसरा काहीशे एमबी असेल तर फाइल ढगातच आहेत, तुमच्या ड्राइव्हवर त्यांची नुसती नावं. झूमवर घेतलेल्या तासांची रेकॉर्डिंग डॉक्युमेंट्समध्ये झूम नावाच्या फोल्डरात पडून असतात. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांनी प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरची मीडिया कॅश, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या फाइल, पाहावी. काम संपलेल्या प्रोजेक्टची ती निर्धास्त उडवावी.

एवढं झाल्यावर तुमचे बॅकअपचे 36, रिसायकल बिनचे 5 आणि सिस्टिम रिस्टोअरचे 12 मिळून 53 जीबी सुटले आणि मोकळी जागा 62 वर गेली. विंडोजच्या मोठ्या अपडेटला सुमारे 20 जीबी लागतात, म्हणून त्याच्या खाली जाऊ देऊ नका. एसएसडी काठोकाठ भरली की लिहिताना मंदही पडते.

साफ केल्यावरही जागा रोज घटत राहिली तर मात्र प्रकरण वेगळं. तेव्हा कुणाकडे किती साठलंय यापेक्षा आत्ता कोण लिहितंय ते पाहायचं. सर्चमध्ये 'रिसोर्स मॉनिटर' उघडा, डिस्कच्या पानावर जा, 'राइट'च्या स्तंभावर क्लिक करा. सर्वाधिक लिहिणारा वर येतो आणि कुठल्या फाइलमध्ये लिहितोय तेही खाली दिसतं. बहुतेकदा बेलगाम वाढलेली एखादी लॉग फाइल (सॉफ्टवेअर आपल्या कामाची नोंद ठेवतं ती) किंवा सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग सी ड्राइव्हवर वळवलेलं निघतं.

दुकानांत अजून विंडोज 7 चे संगणक चालतात, त्यांच्यासाठी खास: 'विंडोज'मधल्या 'टेम्प' फोल्डरात 'कॅब' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या, शंभरेक एमबीच्या फाइलींची रांग दिसली तर ओळखा. अपडेटची नोंद ठेवणारी लॉग दोन जीबीच्या पुढे गेलेली असते. ती दाबून कॅब फाइलमध्ये भरायचा विंडोज प्रयत्न करतं, कॅबची मर्यादा दोन जीबीची असल्यानं ते जमत नाही, अर्धवट फाइल मागे राहते आणि थोड्या वेळानं पुन्हा तोच प्रयत्न. नुसत्या टेम्पमधल्या फाइल उडवल्या तर त्या परत तयार होतात. सर्व्हिसेसमध्ये 'विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर' थांबवा, 'लॉग्ज'मधल्या 'सीबीएस' फोल्डरातल्या जुन्या मोठ्या लॉग काढा, मग टेम्पमधल्या कॅब काढा आणि संगणक पुन्हा चालू करा.

वारंवार लाइट जाऊन डेस्कटॉप धाडकन बंद पडत असेल तर 'फाउंड' नावाचे लपलेले फोल्डर तयार झालेत का तेही बघा. लिहिता लिहिता वीज गेली आणि नंतर डिस्कची तपासणी झाली की मालक न सापडलेले तुकडे तिथं टाकले जातात. आतल्या फाइली सहसा कामाच्या नसतात, पण काढण्याआधी ड्राइव्हच्या प्रॉपर्टीजमध्ये 'टूल्स'मधून 'चेक' एकदा चालवा. त्यात चुका निघाल्या तर आधी डेटाची प्रत घ्या, जागेचं मग बघू.